पाणी चढेपर्यंत

ऑक्टोबरच्या सुरुवातीला, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, मी किनाऱ्यावरच्या त्या संरक्षित उद्यानात पहिल्यांदा गेले. पक्षी बघायचे तर पहाटे निघायचं, हे जंगलात फिरून अंगवळणी पडलेलं. सहाच्या सुमाराला लाकडी पुलाच्या टोकाशी उभी राहिले. समोर नजर पोचेल तिथवर ओला, चकाकणारा चिखल होता आणि त्याच्या पार पलीकडे, पाण्याच्या रेषेला धरून, कुणी मूठभर वाळू भिरकावावी तसे ठिपके. दुर्बीण लावली तर ठिपके थोडे मोठे दिसले, इतकंच. दोन तास थांबले. त्या दोन तासांत ते आणखी लांब गेले.

संध्याकाळी ताईला फोन केला. ती गेली कित्येक वर्षं किनाऱ्यावरचे पक्षी मोजते.

"गेलीस तेव्हा पाणी कुठे होतं?" तिने पहिलं हेच विचारलं.

"पाणी? खूप आत होतं."

"मग पक्षीही आतच असणार. ते पाण्याच्या कडेने चरतात. तू भरतीचा तक्ता बघितलास का?"

मी बघितला नव्हता. किनाऱ्यावर फिरायला निघणाऱ्या प्रत्येकाने आधी हा तक्ता बघावा, असं मला आता अगदी मनापासून वाटतं. उद्यान किती वाजता उघडतं, होडी किती वाजता सुटते, हे सगळं त्याच्या नंतर.

ताईने मला पुढच्या पंधरा दिवसांचा तक्ता वहीत उतरवून काढायला लावला. छापलेला वाचून तो डोक्यात बसत नाही, हाताने लिहिला की बसतो. एका भरतीपासून पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी. म्हणजे आज सकाळी जी वेळ, ती उद्या पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, कारण चंद्रही तोवर आपल्या वाटेवर पुढे गेलेला असतो. (काही किनाऱ्यांवर दिवसाला एकच भरती येते, तिथे हे गणित चालत नाही.) अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि तेवढंच खूप उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, चढ-उतार दोन्ही बेताचे. आणि शरदातली उधाणं वर्षातल्या मोठ्या उधाणांमध्ये मोडतात, कारण २२-२३ सप्टेंबरच्या सुमाराला सूर्य विषुववृत्तावर असतो. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मला कोसभर चिखल का दिसला, ते तेव्हा कळलं.

"उधाणाचा दिवस घेऊ नकोस आणि भांगाचाही नको," ताई म्हणाली. त्या उद्यानात उधाणाला सगळा चिखल बुडतो आणि पक्षी मागच्या खाजणात निघून जातात. भांगाला पाणी पुलापर्यंत येतच नाही. मधला दिवस हवा. वहीत बोट फिरवत गेलो आणि दहा दिवसांनंतरचा एक दिवस सापडला. अमावास्येला चार दिवस बाकी, भरती सकाळी साडेदहाला.

त्या दिवशी आम्ही दोघी आठ वाजता पोचलो. ताईने पाण्याच्या कडेला एक काठी टोचली आणि म्हणाली, "बघ फक्त." दहा मिनिटांत काठीभोवती पाणी. आणखी थोड्या वेळात काठीचं नुसतं टोक वर राहिलं. पाणी एका चालीने चढत नाही. सहा तासांचे बारा वाटे धरले तर पहिल्या तासात एक वाटा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. हा ढोबळ अंदाज आहे, पण मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं हे कायम ध्यानात ठेवावं. खडकांवरून किंवा वाळूच्या पट्ट्यावरून चालत लांब गेलेली माणसं नेमकी याच तासांत अडकतात.

मग आम्ही बसलो. उभं राहिलं की माणसाची आकृती आभाळावर उमटते आणि पक्ष्याला ती लांबून दिसते. पुलाच्या खाली, मातीच्या उतारावर, अंगावर मळकट रंगाचे कपडे घालून आम्ही हालचाल न करता बसून राहिलो. पाणी चढत होतं आणि त्याच्या पुढे पुढे पक्षी आमच्याकडे सरकत होते. दहा दिवसांपूर्वी ज्यांना मी ठिपके म्हणत होते त्यांना पाय आले, चोची आल्या. चिखल्या दोन पावलं पळायचा, थबकायचा, टोच मारायचा, पुन्हा पळायचा. तो डोळ्यांनी शिकार शोधतो, म्हणून त्याचे डोळे मोठे. तुतवार शेपटी सारखी वरखाली करत कडेकडेने फिरत होता.

आणि सर्वांत पुढे एक गॉडविट, पट्टेरी शेपटीचा. लांब, किंचित वर वळलेली चोच मुळाशी गुलाबी, टोकाला काळी. ती तो चिखलात डोळ्यांपर्यंत खुपसायचा. आत काय चाललंय हे आपल्याला दिसत नाही, पण चोचीच्या टोकाला स्पर्श कळतो आणि बाकीची चोच मिटलेली ठेवून तो नुसतं टोक उघडू शकतो. एकदा चोच बाहेर आली तेव्हा त्यात लांबलचक किडा होता. पक्ष्याने तो ओढला, सैल सोडला, पुन्हा ओढला. तुटू नये म्हणून किती जपून!

"पाठ बघ त्याची," ताई कानाशी कुजबुजली.

पाठीवरच्या आणि पंखांवरच्या पिसांच्या कडा फिकट पिवळट होत्या, प्रत्येक पिसाला दातेरी नक्षी काढल्यासारखी. सगळी पिसं एका वयाची, एकसारखी कोरी. उन्हाळाभर घरट्याचा व्याप केलेल्या मोठ्या पक्ष्याची पिसं झिजलेली असतात, नवी-जुनी मिसळलेली असतात. हे याच वर्षीचं पिल्लू होतं. दूर उत्तरेला टुंड्रात जूनच्या आसपास अंड्यातून बाहेर आलेलं. किनाऱ्यावरच्या अनेक पक्ष्यांमध्ये आई-बाप आधी निघून जातात आणि पिल्लं मागाहून, बहुतेक वेळा आपल्याच वयाच्या पक्ष्यांबरोबर, कधीही न बघितलेल्या वाटेने निघतात. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये याच जातीचं, उपग्रहाचं यंत्र बसवलेलं साधारण पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून उडालं ते थेट टास्मानियात उतरलं. ११ दिवस, सुमारे १३,५६० किलोमीटर, वाटेत कुठेही न थांबता. हे मी आधी वाचलेलं होतं. पण तेवढ्याच वयाचा पक्षी चार हातांवर चिखलात पाय रोवून उभा आहे, त्याच्या पायावरचा ओला गाळ दिसतोय, असं असताना तो आकडा आठवला आणि मला बोलवेना.

साडेदहाच्या आत सगळे पक्षी वाळूच्या एका उंचवट्यावर गोळा झाले. एका पायावर उभे, चोच पाठीच्या पिसांत. इथे माझ्या हातून चूक झाली. मला आणखी जवळून फोटो हवा होता. ताई दुर्बीण पुसत होती, मी उठले आणि उंचवट्याच्या दिशेने आठ-दहा पावलं गेले. आधी दोन-तीन माना वर झाल्या, मग एक हाक, आणि सगळा थवा एकदम हवेत. त्यांनी पाण्यावर तीन चकरा मारल्या. काही परत बसले, बरेचसे दिसेनासे झाले.

ताई रागावली नाही. ती म्हणाली, "चिखल पाण्याखाली आहे, तोवर त्यांना चरता येत नाही. हीच विसाव्याची वेळ. पोटात साठवलेलं असं उडण्यात गेलं तर पुढच्या समुद्रावर ते कमी पडतं." ते मला आजही टोचतं. आता भरतीला पक्षी उंचवट्यावर बसले की मी आहे तिथून हलत नाही. माना वर होणं हीच खूण. एक जरी मान वर झाली तरी थांबायचं आणि आलेल्या वाटेने मागे फिरायचं.

होडीची फेरी दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजताची ठरली होती. धक्क्यावर पोचलो तर होडीवाले काका म्हणाले, आज नाही. ऊन लख्ख होतं, वाराही फार वाटत नव्हता. त्यांनी खाडीच्या मुखाकडे हात केला. भरती होऊन ओहोटी लागली होती, पाणी बाहेर धावत होतं आणि वारा समुद्रावरून आत येत होता. दोघं समोरासमोर भिडतात तिथे लाटा आखूड आणि उभ्या होतात, लहान होडी त्यांत आपटत राहते. तोच वारा पाण्याच्याच दिशेने वाहत असता तर तेवढ्याच जोराला पाणी बरंच शांत राहिलं असतं. नाही म्हणणारा होडीवाला भेटला तर त्याच्याशी वाद घालू नये, दुसऱ्यांदा आपण त्याच्याकडेच जावं.

तिसऱ्या दिवशी वारा पडला होता. भरती सव्वाबाराला, आम्ही अकरालाच निघालो. सपाट तळाची होडी, सगळ्यांच्या अंगावर पट्टे आवळलेली लाइफ जॅकेट. खाडीत वळल्यावर काकांनी इंजिन बंद केलं आणि होडी पाण्याबरोबर वाहू दिली. पंख पसरून वाळवत बसलेले पाणकावळे, वर सुरय. एका खांबावर ऑस्प्रे बसलेला होता. आमच्यासमोर तो उठला, घिरट्या घालून पाय पुढे करून पाण्यात कोसळला आणि मासा घेऊन जड पंखांनी वर आला. उडता उडता त्याने पायातला मासा फिरवून डोकं पुढे केलं, वाऱ्याला अडथळा कमी व्हावा म्हणून. त्याचं बाहेरचं बोट मागे वळतं, त्यामुळे दोन बोटं पुढे, दोन मागे अशी पकड बसते.

"काका, अजून थोडं आत जाऊ या का?" मी विचारलं.

"पाणी उतरायला लागलंय. आत गेलो आणि बसलो गाळावर, तर रात्रीपर्यंत तिथेच."

आम्ही परतलो.

दुसरं उद्यान, वाळूच्या पुळणीचं, आम्ही धावतच उरकलं. तिथलं एकच सांगते. सँडरलिंग हे छोटे पक्षी लाटेच्या मागे पळत जातात आणि लाट वळली की तिच्या पुढे पळत येतात. त्यांना मागचं बोट नसतं. ओल्या वाळूवर वाकून बघितलं तर ठशांत तीनच बोटं, एकापुढे एक, टाके घातल्यासारखी. पुढच्या लाटेने ती पुसून टाकली.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला पुन्हा त्या पहिल्या उद्यानात गेलो. या वेळी भरती संध्याकाळची निवडली. उंचवट्यावर गॉडविटांचा थवा होता, पण झोपलेला एकही नव्हता. पंख ताणत होते, पाण्यात डुंबत होते, सारखे बोलत होते. ताईने दुर्बीण खाली ठेवली आणि माझा दंड धरला. सूर्य पाण्याला टेकायच्या बेतात असताना पंचवीस-तीस पक्षी उठले. चकरा मारून परत बसतील म्हणून मी वाट बघत राहिले. ते वर चढत गेले, तिरक्या रांगेत लागले, रांग एकदा मोडून पुन्हा जुळली. हाका बराच वेळ ऐकू येत होत्या, पक्षी दिसेनासे झाल्यावरही. त्यात ते फिकट कडांचं पिल्लू होतं का, ते मला ओळखता आलं नाही. उरलेले पक्षी तसेच उभे होते, समुद्राकडे तोंड करून, आणि आम्ही अंधार पडेपर्यंत जागेवरून उठलो नाही.