मागच्या पट्टीचा हिशेब

गुरुवारी मी ऑपरेशन घेत नाही. तो दिवस बोलण्याचा. केशरोपण करायचं की नाही हे ठरवायला आलेल्यांसाठी पाऊण-पाऊण तास राखून ठेवते. एकेक केस काढायला नि लावायला हात सरावतो. कुणाला हो म्हणायचं नि कुणाला नाही, याला मात्र मी १५ वर्षांनंतरही सरावलेले नाही.

जुलैतल्या त्या गुरुवारी मध्य रेल्वे रखडली होती. साडेअकराची वेळ दिलेले बापलेक सव्वाबाराला, गुडघ्यापर्यंत भिजून, दादरच्या माझ्या क्लिनिकमध्ये आले. वडील ५६ वर्षांचे, माटुंगा वर्कशॉपात फिटर, गाव कुडाळजवळ, राहायला डोंबिवलीत. मुलगा २६चा, ऐरोलीला आयटी कंपनीत. पेशंट मुलगा होता. वडील पैशांचं बघायला आले होते. पीएफमधून रक्कम उचलायचा अर्जसुद्धा त्यांनी भरून आणला होता, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून.

मुलाने फोनवर दुसऱ्या एका ठिकाणचं पॅकेज दाखवलं. ४,५०० ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट काढून लावायचे केसांचे पुंजके, एका दिवसात, रविवारपर्यंत पैसे भरले तर सवलत. सोबत त्याच्याच कपाळाचा फोटो आणि त्यावर केस कुठून सुरू होतील ते दाखवणारी लाल रेघ. रेघ भुवयांच्या मध्यापासून जेमतेम ६ सेंटिमीटरवर होती. शाळकरी पोराची असते तशी.

“एवढी घाई का?” मी विचारलं.

“डिसेंबरपासून स्थळं बघायची आहेत.” मग थोडा थांबून, माझ्याकडेच बघत तो म्हणाला, “आणि मला पप्पांसारखं दिसायचं नाहीये.”

पप्पा शेजारच्याच खुर्चीत होते. त्यांनी पिशवीची गाठ सोडली आणि पुन्हा मारली.

मी आधी मुलाचं डोकं तपासलं. ट्रायकोस्कोप म्हणजे टाळूवर टेकवायचा छोटा कॅमेरा. पडद्यावर एकेक केस दोरीएवढा दिसतो. पुढचे कोपरे आत गेलेत आणि भोवरा विरळ झालाय हे नुसत्या डोळ्यांनाही कळत होतं. पडद्यावर त्याच्याहून वाईट दिसलं. या दोन जागांच्या मधला, वरून दाट वाटणारा भागही पोखरत चालला होता. जाड केसाशेजारी बारीक, त्याच्याशेजारी नुसती लव. पुरुषांचं टक्कल असंच पडतं. डीएचटी नावाचं संप्रेरक केसाचं मूळ, केस गळून नवा येण्याच्या दर फेरीला, थोडं थोडं आक्रसत नेतं, आणि जवळजवळ निम्मे केस गेल्याशिवाय आरशात फारसं जाणवत नाही.

“पण माझ्या मामांचे केस एकदम दाट आहेत,” तो म्हणाला. “टक्कल आईकडून येतं ना?”

हे मी जवळजवळ रोज ऐकते. संप्रेरकाला प्रतिसाद देणारं एक महत्त्वाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला ते आईकडून मिळतं, हे खरं. पण बाकीची कितीतरी जनुकं दोन्हीकडून येतात. मामाचं डोकं बघून निर्धास्त राहता येत नाही.

“काका, तुमचंही बघू का?” मी विचारलं. त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि टोपी काढली.

टकलाच्या पायऱ्या मोजायची एक पद्धत आहे. हॅमिल्टन यांनी ती १९५१मध्ये मांडली, नॉरवुड यांनी १९७५मध्ये सुधारली. तिच्यात सातवी पायरी शेवटची. कानांवरून मागे गेलेली, घोड्याच्या नालेसारखी केसांची पट्टी तेवढी उरते. काका सातव्या पायरीवर होते. २३व्या वर्षी सुरुवात झाली, तिशी ओलांडता ओलांडता सगळं गेलं, असं त्यांनी सांगितलं. मुलगा आज तिसऱ्या पायरीवर होता, आणि त्याची वाट कुठे जाऊ शकते ते शेजारच्या खुर्चीत बसलेलं होतं.

मी कागद पुढे घेतला. केशरोपणात नवा केस तयार होत नाही, मागच्या पट्टीतला पुढे नेऊन लावायचा असतो. पुढे लावला तरी तो आपला मागचा स्वभाव सोडत नाही, म्हणून टिकतो. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९मध्ये हे मांडलं आणि आमचं सगळं शास्त्र त्याच पायावर उभं आहे. पण मागचा साठा जन्माला पुरवायचा असतो. जिथून ग्राफ्ट काढला तिथे पुन्हा उगवत नाही.

“म्हणजे मटेरियल ठरलेलं,” काका म्हणाले, “आणि जॉब वाढत जाणार.”

इतक्या थोडक्यात मला ते कधीच सांगता आलं नव्हतं. मुलाचे ४,५०० ग्राफ्ट आज पुढच्या रेघेत घालून टाकले, तर चाळिशीत पुढे काळीभोर पट्टी, तिच्यामागे उघडी टाळू, आणि भरायला हातात काही नाही, अशी वेळ येऊ शकते. मी असं डोकं पाहिलं आहे, त्याला माझा हातही लागला आहे. पहिल्या नोकरीत २३ वर्षांच्या एका मुलाने मागितली तशी खाली रेघ आम्ही त्याला दिली. ठरवलं वरिष्ठांनी, केस बसवायच्या खाचा मी पाडल्या, आणि मी काही बोलले नाही. नऊ वर्षांनी तो मला शोधत आला. रेघ तशीच होती, मागे काही उरलं नव्हतं. तो रागावला नाही. “आता काय करता येईल?” एवढंच त्याने विचारलं. लावलेल्यांपैकी काही केस पुन्हा काढून रेघ मोडायची, याहून फारसं काही मी सुचवू शकले नाही. त्या दिवसापासून पंचविशीतल्या मुलांना मी सहसा नाहीच म्हणते.

याही मुलाला नाही म्हटलं. डिसेंबरचा हिशेबही चुकीचा होता. लावलेले केस पहिल्या महिन्या-दीड महिन्यात बहुतेक गळतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उगवू लागतात, पुरतं रूप यायला वर्ष जातं. स्थळं बघायच्या वेळी त्याचं डोकं अर्धवट अवस्थेत असतं.

केसगळती रोखणाऱ्या गोळीबद्दल बोलताना काकांना बाहेर बसायला सांगितलं. फिनास्टेराइड १ मिलिग्रॅम रोज आणि लावायला मिनॉक्सिडिल, वर्षभर, आणि मग फोटो समोर ठेवून पुन्हा बोलायचं. या गोळीने शंभरात एखाद-दोघांची लैंगिक इच्छा कमी होते किंवा ताठरतेचा त्रास होतो. उदास वाटल्याच्याही नोंदी आहेत. तसं काही जाणवलं तर गोळी थांबवून मला कळवायचं. ज्याचं लग्न ठरायचंय त्याला हे न सांगता गोळी लिहून देणं मला जमत नाही. त्याने दोन-तीन प्रश्न विचारले, नीट ऐकलं, आणि फोटो काढायला माझ्या सहायिकेबरोबर आतल्या खोलीत गेला.

काका आत आले. दार ओढून घेतलं. बसले नाहीत.

“मॅडम, त्याचं कळलं. माझं होईल का?”

पाऊण तास मी त्यांच्या डोक्याचा पुराव्यासारखा वापर केला होता. बोट ठेवून दाखवलं होतं की बघ, असं होईल. त्यांना स्वतःला काय हवंय हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. याची मला आजही लाज वाटते.

“आज तो बोलला म्हणून विचारताय का?” मी म्हटलं. हे विचारणं भाग होतं. दुसऱ्याच्या शब्दासाठी डोक्याला भोकं पाडून घेऊ नयेत.

“वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तो रागाने नाही बोलला, घाबरून बोलला.” ते हळूच खुर्चीवर बसले. “माझं म्हणाल तर, स्वतःच्या लग्नात मी जेवतानासुद्धा फेटा काढला नाही. दाढी करताना आरसा असा धरतो की डोळ्यांच्या वरचं काही दिसू नये. सवय झालीय हो. सवय झाली म्हणजे बरं वाटतं असं नाही.”

“तुम्हाला किती केस हवेत?”

“डोकं भरून नको. कपाळ कुठेतरी संपलं पाहिजे, एवढंच.”

सातव्या पायरीवरचा माणूस बहुतेकदा फोटोतल्या नटाकडे बोट दाखवतो. इतकं नेमकं मागणं मी क्वचित ऐकलं आहे. आणि लोकांना पटत नाही, पण त्या दिवशी माझ्यासमोर आलेल्या दोघांत ऑपरेशनला योग्य काकाच होते. २६व्या वर्षी पुढचं सगळं अंदाजावर चालतं. ५६व्या वर्षी जे जायचं ते बहुतेक गेलेलं असतं, आणि समोर आहे तेवढ्याचा हिशेब मांडता येतो.

मी त्यांची मागची पट्टी पडद्यावर घेतली. काहींच्या त्या पट्टीतही केस बारीक होत चाललेले असतात. अशांना कितीही वाईट वाटलं तरी परत पाठवावं लागतं. काकांचे केस जाड होते, बरेचसे पांढरे. पांढरा केस आमच्या कामाला चांगला, कातडीच्या रंगात मिसळतो आणि विरळपणा झाकतो. वरची उघडी जागा मोजली, २२० चौरस सेंटिमीटर भरली. निसर्गाची दाटी चौरस सेंटिमीटरला ७०-८० पुंजके, एकेका पुंजक्यात एक ते चार केस. त्याच्या निम्म्याने, ३५ने, डोळ्यांचं समाधान होतं.

काकांनी कागद ओढून गुणाकार केला. “७,७००. आणि मागे किती निघतील?”

“मागचा भाग विरळ न दिसता ३,५००च्या आसपास. दाढीचे थोडे.”

“निम्म्यावर काम भागवायचं तर.” ते कागदाकडे बघत राहिले. “पुढचंच करा मग.”

मीही तेच सांगणार होते. पुढचा ७० चौरस सेंटिमीटर, २,४५० ग्राफ्ट, दोन दिवसांत विभागून. उरलेले राखून ठेवायचे, कारण वयाबरोबर मागचेही थोडे विरळ होतात. भोवरा तसाच राहणार, मागून बघणाऱ्याला टक्कल दिसणार. हे मी त्यांना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा “चालेल” म्हणाले.

मग त्यांचे प्रश्न सुरू झाले, आणि ते फिटरचे प्रश्न होते. पंच, म्हणजे ग्राफ्ट कोरून काढायची नळी, किती एमएमचा? ०.९. मोटरवर की हाताने? मोटरवर, पण केस कातडीखाली वळलेला असतो, तो कोन हातालाच कळतो. ड्रिल कोण धरणार, तुम्ही की तुमच्या हाताखालची मुलं? हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा असं मला फार वाटतं. काढणं आणि खाचा पाडणं माझ्याकडे, खाचांत ग्राफ्ट बसवायला प्रशिक्षित मुली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२मध्ये स्पष्टच केलं की हे काम शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरचं आहे, कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून शिकणं पुरेसं नाही.

“जिवाला धोका?”

लहान आहे, शून्य नाही. २०१९मध्ये मुंबईतच एका बैठकीत ९,०००हून जास्त ग्राफ्ट लावून घेतलेल्या एका माणसाचा दोन दिवसांत मृत्यू झाला. भुलेच्या औषधाला वजनाप्रमाणे मर्यादा असते, म्हणून काम वाटून करायचं. काकांना मधुमेह होता, रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ८.४ टक्के. ती उतरल्याशिवाय मी हात लावणार नाही असं सांगितलं. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ते घेत असलेली ॲस्पिरिन त्यांच्या फिजिशियनला विचारल्याशिवाय बंद करायची नाही, हेही.

शेवटी मार्कर घेतला. भुवयांच्या मध्यापासून ९ सेंटिमीटर वर, कोपरे आत सोडून, मुद्दाम थोडी वाकडीतिकडी रेघ काढली. सरळ रेघ निसर्गात नसते. आरसा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नेहमीसारखा खाली धरला, आणि मग हळूहळू वर नेला.

तेवढ्यात मुलगा आत आला. दारातच थांबला. वडिलांच्या कपाळाकडे बराच वेळ बघत राहिला.

“पप्पा, मी मगाशी…”

“छत्री घे,” काका म्हणाले. “गाड्या बंद पडायच्या आत निघू.”

रेघ पुसायला मी स्पिरिटचा बोळा उचलला. त्यांनी माझा हात अडवला. “राहू दे मॅडम. घरी दाखवतो.”

टोपी त्यांनी खिशात घातली.

अकरा दिवसांनी त्यांचा फोन आला. बायको दोन दिवस काही बोलली नाही, तिसऱ्या दिवशी ‘करा’ म्हणाली. मुलाने गोळी सुरू केली होती. पैसे तो भरतो म्हणत होता, “ते आमचं आम्ही बघू.” पावसातसुद्धा ते रोज सकाळी चालायला जात होते, साखर उतरवायला.

“पण गणपतीआधी नको,” ते म्हणाले. “गावी चित्रशाळेतून घरापर्यंत गणपती मीच आणतो, डोक्यावरून. विसर्जनालाही मीच. ऑपरेशननंतर डोक्यावर पाट किती दिवस चालणार नाही?”

“महिनाभर तरी नाही.”

“मग दिवाळीनंतरची तारीख लिहा.”

दिवाळीनंतरचा दुसरा मंगळवार मी लिहून ठेवला.