सेक्टर कुठला म्हणालात?

माझे मामा गिरगावातले. नवी मुंबईत नेरुळला आमच्याकडे यायचं असलं की आदल्या रात्री फोन करून पत्ता लिहून घ्यायचे. गेली तीस वर्षं तोच पत्ता आणि दर वेळी तोच प्रश्न, "सेक्टरच्या आकड्यांना काही क्रम आहे का रे?"

नाही. वाशी स्टेशनला उतरलात तर तुम्ही सेक्टर तीस-अ मध्ये असता आणि हायवे ओलांडला की सतरामध्ये. मधले बारा कुठे गेले, हे विचारायचं नसतं. गिरगावातल्या मुगभाटात वाढलेल्या माणसाला हे कसं पटावं? तिकडे प्रत्येक वाडीला नाव, आमच्याकडे आकडा. त्यातून घरांचे 'टाईप'. वाशीतली जुनी माणसं अजून "आम्ही जेएन-टूमध्ये राहतो" असं सांगतात, जणू ते कुळाचं नाव आहे.

आकड्यांचं हे गाव कागदावर आधी वसलं. मुंबईची गर्दी खाडीपलीकडे न्यावी ही कल्पना साठच्या दशकात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी मांडली. १९७० मध्ये सिडको आली, म्हणजे हे शहर वसवणारी सरकारी कंपनी. वाशीचा पूल १९७३ चा. माणसं मात्र लगेच धावत आली नाहीत. कशाला येतील? आम्ही आलो तेव्हा घर होतं, रुंद रस्ता होता, रस्त्यावर दिवेही होते, पण संध्याकाळी सातनंतर त्या दिव्याखाली माणूस दिसत नसे. बाबा बसने पूल ओलांडून मानखुर्दला जायचे आणि तिथून लोकल पकडायचे. लोकल पुलावरून वाशीला आली १९९२ मध्ये, नेरुळला पुढच्या वर्षी. त्या दिवशी आईने शिरा केला होता. कारण विचारलं तर म्हणाली, "तुझे बाबा आता उजेडी घरी येतील." आले नाहीत, ऑफिसात काम वाढलं.

स्टेशनं मात्र अशी बांधली की बघत राहावं. मुंबईचा माणूस पहिल्यांदा उतरला की आधी वर बघतो. एवढं उंच छत, एवढे रुंद जिने, आणि भर गर्दीतही कुणाचा कोपर लागत नाही. मामांना तेच खटकायचं. "स्टेशन आहे की कार्यालय?" म्हणायचे. लग्नाचं कार्यालय. पुढे वाशी आणि बेलापूरच्या स्टेशनांवर खरोखरीच कार्यालयं थाटली, पण कॉम्प्युटरवाल्यांची.

सोयींबद्दल तक्रारीला जागा नाही. महापालिकेचं मोरबे हे स्वतःच्या मालकीचं धरण आहे, हे आम्ही पाहुण्यांना पाण्याचा पेला देता देता सांगतो. हिवाळ्यात खाडीवर फ्लेमिंगो येतात. कांदा-बटाटा आणि मग भाजी-फळंही घाऊक बाजारासकट मुंबईतून इकडे आली. तरी आई परवापरवापर्यंत दादरहून पिशव्या भरून आणायची. इकडून पलीकडे गेलेली भाजी पैसे देऊन परत आणायची, वर "तिकडची ताजी असते" हेही ऐकवायची. आणि जाताना म्हणायची, "मुंबईला जाऊन येते." गावाच्या नावातच मुंबई आहे, हे तिच्या कधी लक्षात आलं नाही. खरं तर आमच्यापैकी कुणाच्याच येत नाही.

या आकड्यांखाली मूळची नावं आहेत. ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर आखलं गेलं: भातशेती, मिठागरं, खाजणं. घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात आंदोलन पेटलं, गोळीबारात पाच शेतकरी गेले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आज आमच्याकडे जागा बघायला येणारा सहज विचारतो, "बिल्डिंग साडेबारा टक्क्यातली का?" भाव ठरवायला विचारतो. त्या टक्क्यांना रक्त लागलेलं आहे, हे मलाही कॉलेजात जाईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

गावं कुठे गेली नाहीत. सारसोळे, करावे, दारावे, शिरवणे, सगळी सेक्टरांच्या मधोमध आहेत. सरळ आखलेला रस्ता अचानक वळला आणि अरुंद झाला की समजावं, गाव लागलं. दारात सुकत घातलेली जाळी, गावदेवीचं देऊळ, ओट्यावर पत्ते. आमच्या मासळीवाल्या मावशी तिथल्याच. एकदा त्यांना घरपोच कोलंबी आणायला सांगताना मी सेक्टर, प्लॉट, टाईप सगळं म्हणून दाखवलं. त्यांनी सुरी थांबवली. "मना सेक्टर नाय कलत. कंच्या गावाजवल, ता सांग."

गेल्या महिन्यात मामा न कळवताच दारात. वय ऐंशीच्या पुढे, फोन घरी विसरलेले, पत्त्याचा कागद त्याच फोनच्या कव्हरात. मी विचारलं, "सापडलं कसं?"

"स्टेशनबाहेर एक कोळीण बसली होती. तिला म्हटलं, सेक्टर-बिक्टर ठाऊक नाही, सारसोळ्याच्या वाटेवर माझी बहीण राहते, दारात बकुळीचं झाड आहे. तिने बरोबर वळणं सांगितली."

"बघा, सोपं आहे की."

"सोपं कसलं? वाटा घेतल्याशिवाय सोडेना." आणि ठिबकणारी बोंबलांची पिशवी त्यांनी आईच्या हातात दिली.