तुम्ही विचारलंत म्हणून: बटण सोडून स्टिक कशाला?

"मामा, बटण दाबलं की बॅट फिरती, मग त्या स्टिकशी झटायचं कशाला? आणि तुम्हाला ती जमली कशी?" मी टीव्हीवर बेसबॉलचा गेम खेळतो, आणि स्टिक म्हणजे कंट्रोलरवरची अंगठ्यानं हलवायची छोटी दांडी. भाच्याचे मित्र घरी आले की हे विचारतातच. कोल्हापुरात उद्यमनगरात आमच्या लेथच्या शेडमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर माझ्या खेळाचा एखादा तुकडा दाखवला की तिथंही हाच प्रश्न. दर वेळी घाईत अर्धंमुर्धं सांगतो आणि नंतर रुखरुख लागते. म्हणून आज बैठक मारून सांगतो.

गेम म्हणजे 'एमएलबी द शो', अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा. सोनीचा सॅन डिएगो स्टुडिओ २००६ पासून दर वर्षी नवा काढत आलाय. मावसभाऊ तिकडनं परत आला तेव्हा त्यानं आपला जुना पीएस४, म्हणजे सोनीचा टीव्हीला जोडायचा गेमचा डबा, मला दिला, त्यात २०१९ ची डिस्क होती. कुस्ती आणि फुटबॉलच्या गावात बेसबॉल कुठनं आला, तर असा आला.

आता बटणाचं. नुसत्या बटणाच्या पद्धतीत तुम्ही फक्त वेळ साधायची. बॉल कुठं लागणार, कसा लागणार हे गेम त्या खेळाडूच्या आकड्यांवरनं ठरवतो. 'झोन' नावाची दुसरी पद्धत आहे, तिच्यात बटण असतंच, पण डाव्या स्टिकनं एक खूण बॉलपर्यंत न्यावी लागते. तिला पीसीआय म्हणतात, म्हणजे प्लेट कव्हरेज इंडिकेटर. ती खूण बॉलवर बसली आणि वेळही जुळली, तर फटका तुमचा. हुकली तर चूकही तुमचीच. मला हे हवं होतं. चांगला फटका बसल्यावर तो माझ्या हातानं बसला हे कळल्याशिवाय खेळण्यात मन भरत नाही.

पण पहिले दोन महिने काहीच जमेना. त्याचं कारण क्रिकेट आहे, हे उशिरा ध्यानात आलं. आपले डोळे टप्प्याची वाट बघतात. लहानपणापासनं टेनिस बॉल खेळलोय, टप्पा पडला की पाय हलतात. बेसबॉलमध्ये टप्पाच नाही. पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, उभा असतो तो माउंड ते बॅट्समनजवळची होम प्लेट हे अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे साधारण साडेअठरा मीटर. ताशी ९५ मैलांचा फास्टबॉल ते अंतर ०.४ सेकंदाच्या आसपास कापतो. टप्प्याच्या आशेवर राहिलात तर बॉल मागच्या कॅचरच्या ग्लव्हमध्ये गेलेला असतो. जे काय ओळखायचं ते पिचरच्या हातनं बॉल सुटताना ओळखायचं. म्हणून मी गेममधल्या सरावात पंधरा दिवस बॅट फिरवलीच नाही. बॉल यायचा, मी खूण तिथं न्यायची आणि थांबायचं, एवढंच. भाचा शेजारी बसून कंटाळायचा, उठून जायचा. पण त्या पंधरा दिवसांत डोळा पिचरच्या हातावर बसला, आणि बाहेरचा बॉल सोडायची सवयही तिथंच लागली. बेसबॉलमध्ये वाईट बॉल सोडणं हे मोठं कसब आहे. असे बाहेरचे चार बॉल सोडले की पहिला बेस फुकट मिळतो.

डोळा बसला तरी अंगठा चुकत होता. बॉल दिसायचा, कुठं येणार ते कळायचं, आणि खूण तरी पलीकडं जाऊन थांबायची.

याचं उत्तर मला आप्पांकडनं मिळालं. आप्पा, म्हणजे माझे वडील, जन्मभर टर्नर, लेथवर काम करणारे. निवृत्त झाले तरी अधनंमधनं शेडमध्ये येऊन बसतात. एका दुपारी मी लेथवर एका शाफ्टचा शेवटचा कट घेत होतो. क्रॉस स्लाइडचं, म्हणजे टूल आतबाहेर सरकवायचं, हँडल डायलवरच्या रेघेच्या थोडं पुढं गेलं, म्हणून तेवढंच मागं घेतलं. आप्पा मागनं म्हणाले, "तसं नगं. पाक मागं घे, मग पुढं ये. मधी पोकळ फिरतंय ते." जुन्या लेथचा स्क्रू आणि नट झिजलेले असतात. हँडल उलटं फिरवलं की थोडा वेळ ते नुसतंच फिरतं, टूल जागचं हलत नाही. याला बॅकलॅश म्हणतात. डायल एक दाखवतो आणि टूल भलतीकडंच असतं. म्हणून जुना टर्नर आधी ती पोकळी संपवून घेतो आणि मग मापावर येतो, तेही कायम एकाच बाजूनं. हे मला वीस वर्षांपासनं माहीत होतं. पण त्या दिवशी हँडल हातात असतानाच मला स्टिक आठवली.

संध्याकाळी घरी आल्यावर आप्पांच्या हातात कंट्रोलर दिला. त्यांनी आयुष्यात कधी गेम खेळलेला नाही. चष्मा वर सरकवला, अंगठ्याचं टोक स्टिकवर ठेवलं आणि टीव्हीकडं बघत अगदी सावकाश ती उजवीकडं नेली. पुन्हा मधे आणली, पुन्हा नेली. तिसऱ्यांदा म्हणाले, "ह्येलाबी हाय की पोकळी." खरंच आहे. स्टिकच्या मधोमध थोडी जागा अशी ठेवलेली असते की तिथं स्टिक हलली तरी गेम दखल घेत नाही. तिला डेडझोन म्हणतात. नाहीतर अंगठा नुसता टेकला तरी खूण थरथरेल. मी काय करत होतो, तर मधनं जोरात ढकलत होतो. पोकळीत काही होईना म्हणून जोर वाढायचा आणि पोकळी संपली की खूण उडून पलीकडं जायची.

तेव्हापासनं बॉल सुटायच्या आधीच मी स्टिक किंचित वर नेऊन धरतो. पोकळी संपलेली असते, खूण जिवंत असते. तिथनं पुढं जोर लागतच नाही, नुसता कल द्यायचा. वरच का, तर वर येणारा बॉल बहुतेक वेळा फास्टबॉल असतो आणि त्याला वेळ कमी असतो. कर्व्हबॉल, चेंजअप हळू येतात, वाटेत खाली पडतात. त्यांच्यासाठी मधली पोकळी ओलांडून खाली यायला लागतं खरं, पण तेवढी सवड मिळते. उलटं, खाली वाट बघत बसलात तर वरच्या फास्टबॉलपर्यंत अंगठा पोचत नाही. तुम्हाला फक्त एकच गोष्ट करून बघायची असेल तर ही करा.

बॉल टाकताना उजवी स्टिक लागते. 'प्युअर अ‍ॅनालॉग' नावाच्या पद्धतीत स्टिक खाली ओढायची आणि नेमक्या क्षणी वर सोडायची. वेळ चुकली की बॉल वरखाली होतो, दिशा चुकली की आजूबाजूला. २०२१ च्या आवृत्तीत 'पिनपॉइंट' आलं, त्यात प्रत्येक बॉलची वेगळी आकृती स्टिकनं काढायची असते. फोर-सीम, म्हणजे सरळ येणाऱ्या, फास्टबॉलला खाली ओढून सरळ वर, तर कर्व्हला वळण. पोरं आकृती घाईघाईत गिरवतात आणि शेवटच्या रेघेला धाप लागल्यागत सोडून देतात. खरं मोल त्या शेवटच्या रेघेलाच आहे, तिचा कोन आणि तिची वेळ. मी कंट्रोलर मांडीवर टेकवतो, म्हणजे मनगट हलत नाही, आणि अंगठ्याची गादी न ठेवता टोक ठेवतो. पावसाळ्यात आपल्याकडं हवा दमट, अंगठा घसरतो. शेजारी सुती रुमाल असू द्या, दर इनिंगला पुसा.

आणि एक. सगळं बरोबर करूनही खूण आपोआप सरकत असेल तर दोष तुमचा नाही, याला ड्रिफ्ट म्हणतात. माझी खूण वर उजवीकडं सरकायला लागली, तेव्हा मी महिनाभर स्वतःलाच दोष देत होतो. मग कंट्रोलर एका दुकानात दुरुस्तीला दिला. चार दिवसांनी पैसे घेऊन परत मिळाला, दोष होता तसाच. फार वाईट वाटलं. शेवटी स्वतःच उघडला. स्टिकच्या दोन बाजूंना स्टिक किती हलली ते मोजणारे दोन छोटे पोटेन्शियोमीटर असतात, एक आडव्या हालचालीचा, एक उभ्या. आत कार्बनच्या पट्टीवर एक नाजूक पत्रा घासत राहतो, आणि घासून घासून पट्टी झिजते. शेडमध्ये पॅनलचं वायरिंग करणाऱ्या मित्रानं जुनी स्टिक सोल्डर काढून उतरवली, नवी बसवली. चुंबकावर चालणाऱ्या हॉल इफेक्ट स्टिकही मिळतात. त्यात काही घासत नाही, म्हणून अशी झीज होत नाही. नवी घेणार असाल तर तीच घ्या. तोवर, सेटिंगमध्ये सोय असेल तर, डेडझोन थोडा वाढवून दिवस काढता येतात, पण मग पोकळी मोठी होते आणि अंगठ्याला ती नव्यानं शिकवावी लागते.

सुरुवात कशानं करायची, तर आधी 'झोन' आणि अवघडपणा 'रुकी'. बॉल टाकायला प्युअर अ‍ॅनालॉग. पिनपॉइंटला दोन महिने हात लावू नका. भाच्यानं मागच्या महिन्यात असंच सुरू केलंय. परवा त्यानं स्लायडर, म्हणजे शेवटी बाजूला वळणारा बॉल, बाहेर जाताना ओळखला, अंगठा तिकडं निघालेला मी बघितला, आणि त्यानं बॅट फिरवली नाही.