आईच्या हयातीचा दाखला

३ जानेवारीला दुपारी भुसावळहून आईचा फोन. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. एकदम, "माझ्या पेन्शनीचं काय केलंस तू?"

आई दर महिन्याच्या दोन-तीन तारखेला रिक्षा करून बँकेत जाते आणि पासबुक भरून आणते. पैसे काढायचे असोत नाहीतर नसोत. वय ८२, गुडघे कामातून गेलेले, पण ही फेरी चुकत नाही. मशीनमधून पासबुक बाहेर आलं की चष्मा पुसून आधी पेन्शनची ओळ शोधायची, मग बाकीचं. त्या दिवशी ओळच नव्हती. डिसेंबरअखेरची पेन्शन जमा झाली नव्हती. काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, आजी, तुमचा हयातीचा दाखला आलेला नाही. आणि दाखल्याचं सगळं दिवाळीत मी केलं होतं, पासबुकाचे फोटोही काढून नेले होते. त्यामुळे आईचा हिशेब सरळ होता.

बाबा रेल्वेत, भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते. २०११ मध्ये ते गेले, तेव्हापासून आईला फॅमिली पेन्शन. पेन्शनरनं दरवर्षी नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं कळवायचं, नाहीतर पुढची पेन्शन थांबते. बाबा होते तोवर बँकेत जाऊन साहेबांसमोर सही केली की काम झालं. येताना जिलेबी आणायचे. २०१४ मध्ये जीवन प्रमाण आलं. आधार नंबर सांगा, मशीनवर बोट ठेवा, दाखला आपोआप बँकेत. सोय चांगलीच आहे, फक्त आईचं बोट लागत नाही.

तिचा अंगठा मी एकदा खिडकीपाशी धरून बघितला. आधी राखेनं, मग पावडरीनं, मग साबणाच्या वडीनं साठ वर्षं भांडी घासलेला तो अंगठा. टाकी लावायची राहून गेलेल्या पाट्यासारखा गुळगुळीत. त्यात वयानं कातडी सैल पडते, कोरडी होते, रेषांचे उंचवटे सपाट होतात, मग मशीनला धरायला काही उरत नाही. ई-सेवा केंद्रातल्या मुलानं दहाही बोटं लावून बघितली. प्रत्येक वेळी लाल दिवा. शेवटी आईच म्हणाली, "अरे, मी समोर बसलेय ना?"

बोट लागत नसेल तर चेहरा चालतो, ही सोय २०२१च्या नोव्हेंबरपासून आहे. मला ती २०२३च्या दिवाळीत कळली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी मोबाइलवर दोन ॲप उतरवून घेतली, एक आधार फेस आरडी आणि दुसरं जीवन प्रमाणचं. गंमत म्हणजे आधी माझाच चेहरा लागला. जो माणूस दाखला करतो तो 'ऑपरेटर', त्याचं आधार, ओटीपी आणि त्याचा फोटो आधी. मग पेन्शनरची माहिती. आई आत भाकरी थापत होती, मी बाहेर बसून भराभर भरलं. पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, त्याचा नंबर, खाते नंबर, पुन्हा नोकरी धरली आहे का, नाही. पुनर्विवाह केला आहे का, नाही. मग आईला ओट्यावर आणून पांढऱ्या भिंतीपुढे बसवलं. घरातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात चेहरा नीट येत नाही, सकाळचं ऊन बरं. डोळे मिचकाव म्हटलं तर तिनं आरतीला मिटतात तसे मिटून घेतले. चौथ्या खेपेला जमलं. मोबाइलवर प्रमाण आयडीचा मेसेज आला, मी सुरतला दादाला कळवलं, दादानं अंगठा वर केलेलं चित्र पाठवलं. विषय संपला.

तो मेसेज म्हणजे दाखला तयार झाला, एवढंच. बँकेनं तो स्वीकारला असं नव्हे. स्वीकारला की परत लावला, ते प्रमाण आयडी घालून जीवन प्रमाणच्या साइटवर आपण बघायचं असतं. मी बघितलंच नव्हतं. पीपीओ नंबर मी जुन्या झेरॉक्सवरून टाकला होता, आणि झेरॉक्सच्या झेरॉक्सवर ८चा ३ झाला होता.

महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडून सकाळी भुसावळला उतरले. आईनं चहा दिला, बोलली मात्र नाही. मूळ पीपीओ बघायला हवा म्हटल्यावर ट्रंक उघडली, बाबांच्या जुन्या खाकी शर्टात गुंडाळलेली पिशवी काढली आणि मांडीवर घेऊन बसली. मी हात पुढे केला तर म्हणाली, "इथंच बघ. माझ्यासमोर."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. मी बँकेतली रजा टाकून, रात्रभर बसून आले होते. होय, मी स्वतः बँकेत आहे, दुसऱ्या, आणि दिवसभर लोकांना फॉर्म नीट भरा म्हणून सांगत असते. रागाच्या भरात दादाला फोन लावला. त्याच्याकडे उपाय तयारच होता, आईला सुरतला आणू, खातं जॉइंट करू, एटीएम माझ्याकडे ठेवतो, तिला हवं तेव्हा हवे तेवढे देऊ, कटकट संपेल. फोन स्पीकरवर होता. आई पिशवी आवळून तशीच बसलेली. मागून वहिनींचा आवाज आला, "त्यांचे पैसे त्यांना मागून घ्यायला लावणार का तुम्ही?" दादा गप्प झाला. मीही झाले, कारण दिवाळीत मीही काही वेगळं केलं नव्हतं. तिच्या नावाचा फॉर्म, तिची सगळी उत्तरं मी दिलेली, आणि ती दहा फुटांवर भाकरी थापत होती.

बँकेत गेलो. कोणती बँक ते लिहीत नाही, माझीही कुठली ते लिहिणार नाही. पेन्शनचं बघणाऱ्या साहेबांनी कागदी दाखला घेतला नाही, आता ऑनलाइनच करा म्हणाले. खरं तर पेन्शनरनं समोर येऊन कागदावर सही केली तर तोही दाखला चालतो. मी तसं सांगितल्यावर, हे आमच्या हातात नाही, पेन्शनचं सगळं सीपीपीसीत असतं. सीपीपीसी म्हणजे बँकेचं पेन्शनचं मध्यवर्ती कार्यालय, जिथं कुणाला जाता येत नाही. मग आईकडे बोट करून मला विचारलं, "यांना ऐकू येतं का?"

"येतं," आई म्हणाली. "पेन्शन का अडकली ते ऐकायलाच आलेय."

सत्तरीच्या पुढच्यांना घरी जाऊन बँकेच्या प्राथमिक सेवा द्याव्यात, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच सगळ्या बँकांना कळवलेलं आहे, हयातीचा दाखला घेणं त्यातच येतं. हे वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण आईचे गुडघे दुखायला लागले होते. घरी आलो.

काम केलं ते पोस्टमननं. पोस्ट पेमेंट्स बँकेची ही घरपोच सेवा आहे, पोस्टात सांगून ठेवलं की बोटाचं मशीन आणि मोबाइल घेऊन पोस्टमन घरी येतो, फी ७० रुपये. दुसऱ्या दिवशी साडेअकराला सायकल ओट्याला टेकली. चाळिशीचा माणूस, सगळ्या गल्लीला ओळखणारा. मशीन काढण्याआधी त्यानं गरम पाणी मागितलं. आईला हात धुवायला लावले, टॉवेलनं खसखसून पुसले, मग एकेक बोट स्वतःच्या रुमालावर दाबून बघत म्हणाला, "आजी, अंगठा सोडा. अंगठ्यानं सगळी कामं केलीत तुम्ही, त्याला सुट्टी द्या." डाव्या हाताची अनामिका लागली. पहिल्याच झटक्यात, हिरवा दिवा. जन्मात त्या बोटानं काही केलं नसावं.

मग माहिती. त्यानं मोबाइल आईच्या बाजूला वळवला आणि प्रश्न तिलाच विचारायला सुरुवात केली. पीपीओ नंबर. आईनं पिशवीतून मूळ कागद काढला आणि एकेक आकडा वाचला. ८ आला तिथं माझ्याकडे बघितलं. पुन्हा नोकरी? नाही. पुढच्या प्रश्नाला गडी अडखळला. "आजी, रागावू नका, विचारावं लागतं. पुनर्विवाह..."

आई आधी कळलं नाही अशी बघत राहिली. मग हसायलाच लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यात पाणी येईपर्यंत. "हिनं विचारलंच नाही हो मला दिवाळीत!"

जाता जाता पोस्टमन म्हणाला, "ऐंशीच्या वर ना आजी? मग वाढीव लागली का?"

हे मला ठाऊक नव्हतं. बँकेत असून ठाऊक नव्हतं, कारण पेन्शन माझ्या टेबलाचं काम नाही. केंद्राच्या पेन्शनरला आणि फॅमिली पेन्शनरला ८० पूर्ण झाली की मूळ पेन्शनच्या २० टक्के जास्त मिळतात, ८५ला ३०, ९०ला ४०, ९५ला ५० आणि शंभरीला दुप्पट. ज्या महिन्यात ८० भरतात त्या महिन्याच्या एक तारखेपासून. आईची मूळ पेन्शन ११,४०० म्हणजे महिना २,२८० आणि त्यावर महागाई भत्ता. पासबुक काढून बघितलं, एक पैसाही वाढलेला नव्हता. मूळ पीपीओ उघडला तर कारण समोरच होतं. बाबांची जन्मतारीख ठळक छापलेली, आणि पत्नीच्या नावापुढे जन्मतारखेची जागा कोरी. जुन्या पीपीओंमध्ये हे फार आहे. ज्या घरात ऐंशीच्या आसपासची फॅमिली पेन्शनर बाई आहे, त्या घरानं आज ट्रंक उघडून तेवढी एक जागा बघावी.

जागा भरायला वयाचा पुरावा हवा. आधारवर आईची जन्मतारीख १ जानेवारी १९४२. आमच्याकडच्या त्या पिढीतली निम्मी माणसं एक जानेवारीला जन्मलेली आहेत. आधारवाल्यानं तारीख विचारायची, म्हातारीनं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधी म्हणून सांगायचं, त्यानं १ जानेवारी टाकायची. आईची आई सांगायची, आखाजीचे झोके बांधलेले होते आणि मी झोक्यावर न बसता खाटेवर पडले. म्हणजे आई खरी तर मे-एप्रिलातली. पण आधारवर आणि पॅनवर एकच तारीख होती, तेवढं सरकारला पुरतं. खऱ्या जन्मापेक्षा तीन-चार महिने आधी तिला वाढीव लागू झाली, हा चुकीच्या तारखेचा फायदा म्हणायचा.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात कंटाळ्याशिवाय काही नाही. अर्ज दिला. नाव जुळत नाही म्हणून परत आला, पीपीओत नावाला 'बाई' लावलेलं, आधारवर नाही. दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं. महिनाभर उत्तर नाही, तेव्हा केंद्राच्या पेन्शन तक्रारींच्या सीपेनग्राम्स पोर्टलवर तक्रार टाकली. त्यानंतर बँकेचाच फोन आला, आणि तो आईला आला. मोबाइल नंबर मी तिचा दिला होता. या वेळी सगळीकडे तिचाच दिला. ओटीपी वाचायला तिला वेळ लागतो, दोनदा मुदत संपते, तिसऱ्यांदा जमतं. लागू दे वेळ.

अडकलेली पेन्शन जानेवारीअखेर आली, वाढीवची दोन वर्षांची थकबाकी मार्चअखेर. आईनं पासबुक भरून आणलं आणि फोनवर मला ओळ वाचून दाखवली, दोनदा. दादानं एफडी करायचं सुचवलं. आईनं आखाजीला नवा झोका बांधून घेतला, माहेरपणाला आलेल्या गल्लीतल्या मुलींसाठी, आणि उरलेल्याचं काय केलं ते आम्हाला अजून सांगितलेलं नाही. आम्ही विचारत नाही. पासबुक आणि पीपीओ आता गव्हाच्या कोठीत असतो, हे मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे तिला माहीत आहे.

८० पूर्ण झालेल्यांना नोव्हेंबरच्या गर्दीची वाट बघावी लागत नाही, १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. तो पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरअखेरपर्यंत चालतो. या ऑक्टोबरात मी गेले तेव्हा आई आंघोळ करून, मोतिया रंगाचं लुगडं नेसून ओट्यावर येऊन बसली होती, मांडीवर कागद. पोस्टमन रजेवर होता, म्हणून मोबाइलवर चेहऱ्याचंच केलं. नंबर तिनं वाचले, मी टाकले. नोकरीच्या प्रश्नाला नाही म्हणाली आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत माझ्याकडे बघत राहिली. मी विचारला.

"विचार चालू आहे म्हणून लिही."

"हो किंवा नाही, दोनच आहेत आई."

"मग नाही लिही. काय करणार."

मेसेज आला, मी तिला दाखवला. तिनं मोबाइल हातात घेऊन मेसेज वाचला आणि परत दिला. "हा नको सांगूस मला. बँकेनं घेतला का, ते चार दिवसांनी बघ आणि मग फोन कर."