वाट्याला आलेली शिवणपेटी

जुनी शिवणपेटी वाट्याला आली की ती शोकेसमध्ये तरी जाते, नाहीतर माळ्यावर. खरं तर तिच्यातलं बरंचसं सामान अजून राबायला तयार असतं. उरलेलं टाकायचं असतं, आणि जीव अडकतो तो नेमका तिथे.

सुयांवरचा नुसता काळपटपणा बारीक स्टीलवूल आणि थेंबभर मशीनच्या तेलाने जातो. पण नखाला खड्डे लागले तर ती सुई बाद. टाक्यागणिक कापडाचा धागा ओढेल. डबी सेल्युलॉइडची असेल तर गंजाचं मूळ तीच असू शकते. हे जुनं प्लास्टिक कुजताना आम्लाची वाफ सोडतं, शिवाय भस्सकन पेटतं. सुया तिच्यातून काढाच.

रिळाच्या रंगावर भुलू नये. वीतभर सुती दोरा दोन्ही हातांत धरून झटका द्यावा. तुटला तर शिवणीला नको, कच्च्या टाक्यांना मात्र छान: काढताना दोरा तुटतो, कापड फाटत नाही.

भूछत्राच्या आकाराचा लाकडी ठोकळा पुष्कळांना खेळणंच वाटतो. तो रफूचा. मोज्याचं भोक त्याच्या घुमटावर आणायचं, पण ताणायचं नाही; ताणून रफू केलं की ठोकळा काढताच चुण्या पडतात. भोकाच्या कडेपासून साधारण 1 सेंमी बाहेर, वीण शाबूत असेल तिथून सुरुवात करावी. आधी सगळे उभे धागे, मग आडवा, एकाखालून एकावरून. लोकर असेल तर प्रत्येक वळणावर किंचित सैल फास सोडावा, कारण ती धुतल्यावर आटते. हल्ली रफू लपवण्याऐवजी वेगळ्या रंगात मिरवतात. नवशिक्याची यात सोयच आहे, चुकलेला धागा लगेच दिसतो.

क्रोशाची बारीक पोलादी सुई स्वेटरसाठी जपावी. खिळ्याला अडकून बाहेर आलेला फास ती उलट बाजूने आत ओढून घेते. तो कात्रीने कापणारे लोक आहेत. मग वीण सुटत जाते.

चांदीचं अंगुस्तान, म्हणजे शिवताना बोटावर घालायची टोपी, उजेडासमोर धरावं. झिजून भोक पडलं असेल तर तिथून सुई थेट बोटात. धड असेल आणि मधल्या बोटावर घट्ट बसत असेल, तर जीन्सच्या जाड शिवणीलाही चालेल.

कात्रीची फक्त बाहेरची उतरती बाजू घासावी. आतली सपाट बाजू घासली की पाती नीट भिडत नाहीत. नंतर ओली मलमल टोकापर्यंत कापून बघावी. कापड पात्यांत दुमडलं तर आधी स्क्रू आवळावा, तरीही दुमडलं तरच धारवाला गाठावा.