आजींनी खोडलेली ओळ

साताऱ्यात दस्त करून देण्याचं काम मी 22 वर्षं करतेय. हल्ली सगळ्यात जास्त लोक येतात ते बक्षीसपत्रासाठी. राहतं घर मुलाला, मुलीला किंवा नातवंडाला द्यायचं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये. अधिभार वगैरे वेगळा, पण लोकांच्या डोक्यात 200 चाच आकडा बसलाय. मृत्युपत्र शेवटपर्यंत कितीदाही बदलता येतं, बक्षीसपत्र एकदा नोंदवलं की घर हातचं गेलं. एवढंही समजावून न सांगता छापील मसुद्यात नावं भरून देणारे आमच्या धंद्यात बरेच आहेत. त्याचा मला मनापासून राग येतो.

या आजी 81 वर्षांच्या. नवरा लवकर गेला. पापड लाटून, मसाले कुटून त्यांनी दोन मुलं वाढवली आणि तीन खोल्यांचं घर स्वतःच्या नावावर घेतलं. मुलगा-सून जवळच राहतात, लेक इचलकरंजीला. मुलाला घर दुरुस्तीसाठी कर्ज काढायचं होतं, म्हणून बक्षीसपत्र. मी नेहमीप्रमाणे मुलाला बाहेर बसवलं आणि दार लावून घेतलं. एकांतात बोलायची ही दहा मिनिटं मी कुणासाठीही सोडत नाही. बाईमाणसाच्या मनातलं मुलासमोर निघत नाही.

मृत्युपत्र करा म्हणून सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "त्याला आत्ता हवंय, मी मेल्यावर काय उपयोग?" मग मी मसुद्यातली माझी ओळ वाचून दाखवली: 'लिहून घेणार यांनी लिहून देणार यांचा हयातभर सांभाळ करावा, अन्नवस्त्र, औषधपाणी व शुश्रूषेची सोय करावी.' ही ओळ मी शोभेसाठी घालत नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 प्रमाणे, सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने पाठ फिरवली, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द करू शकतं. पण अट हवी. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. जानेवारी 2025 च्या निकालात त्याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ म्हाताऱ्यांच्या बाजूने उदारपणे लावायला सांगितलं खरं, पण त्या प्रकरणातही सांभाळण्याचा शब्द कागदावर होता.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे सून वाचेल ना गं?"

"वाचेल."

"मग रोज ताट वाढताना तिला वाटायचं, आपण कागदापायी वाढतोय. खोड ते."

मी बरंच समजावलं. शेवटी त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि थरथरत्या हाताने ती ओळ स्वतः खोडली. त्याच घरात हयातभर राहण्याचा हक्क मात्र त्यांनी ठेवू दिला. "ते माझंच आहे, ते लिही."

कंपवातामुळे त्यांना दस्त नोंदणीच्या कार्यालयात नेणं शक्य नव्हतं, म्हणून गृहभेट मागितली. कायद्यात तशी सोय आहे. लॅपटॉप, कॅमेरा, अंगठ्याचं यंत्र घेऊन नोंदणी अधिकारी साहेब घरी आले. फोटो निघाला, पण अंगठा उमटेना. चाळीस वर्षं लाटणं धरून रेषाच झिजल्या होत्या. डावा, उजवा, मग एकेक बोट करून झालं. सुनेने ओल्या फडक्याने हात पुसला, आपल्या तळव्यांत धरून ऊब दिली, पुन्हा यंत्रावर ठेवला. सातव्या-आठव्या खेपेला ठसा लागला. तोवर आजी एकदाही कुरकुरल्या नाहीत. साहेबांनी 'राजीखुशीने देताय ना?' विचारलं तेव्हा मोठ्याने हो म्हणाल्या.

खोडलेल्या ओळीची काळजी मनात घेऊन मी घरी आले. चुकलं ते वेगळ्याच ठिकाणी.

तीन महिन्यांनी आजी न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेनंतर त्यांना भ्रम होऊ लागला, माणसं ओळखू येईनात. दिवसरात्र बाई ठेवावी लागली. मुलगा माझ्याकडे आला. आईच्या उपचारासाठी आईचीच ठेव मोडायची होती. ठेव एकट्या आजींच्या नावावर. "वारस म्हणून माझं नाव आहे ना तिथं," तो म्हणाला. त्याला सांगावं लागलं, की ते नामनिर्देशन माणूस गेल्यानंतर कामाला येतं. मुखत्यारपत्र आता करता येत नाही, आणि आधी केलं असतं तरी देणाऱ्याचं भान गेलं की आपल्याकडे ते संपतं, म्हणजे नेमकं लागतं तेव्हाच. भान परत आलं नाही तर उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागेल.

त्या दहा मिनिटांत मी घराचं सगळं विचारलं होतं. आजारपण आलं तर पैसे कुठून काढायचे, हे विचारलंच नाही. बचत खातं सुनेबरोबर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघींपैकी कुणीही एकटीनं पैसे काढू शकेल असं करा, वर्षाच्या औषधपाण्याचे पैसे त्यात ठेवा, एवढं सांगायला पाच मिनिटं लागली असती. ज्या सुनेवर कागदाचं ओझं नको म्हणून त्यांनी ओळ खोडली, ती गेले पाच आठवडे कूस बदलतेय, डायपर बदलतेय, आणि बाईच्या पगारासाठी तिनं स्वतःच्या पाटल्या गहाण ठेवल्यात. हे मला मुलाने नाही, लेकीने सांगितलं.

डॉक्टर म्हणतात, भ्रम कमी-जास्त होतो, सकाळी त्या बऱ्याच ताळ्यावर असतात. अंथरुणाला खिळलेल्या खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घरी घेता येतो, त्यातला एक जबाबदार बँक अधिकारी असावा लागतो. पण कशावर अंगठा देतोय हे आजींना कळलं पाहिजे. ते कळलं नाही तर मी तो कागद पुढे करणार नाही, हे मुलाला स्पष्ट सांगितलंय. बँकेचे अधिकारी यायला तयार आहेत.

आत्ता रात्री सुनेचा फोन आला. "आज सकाळी त्यांनी मला नावानं हाक मारली. ठेवीचा कागद कपाटात कुठं आहे तेही सांगितलं. उद्या नऊच्या आत या, दहानंतर त्यांना पुन्हा सुचत नाही."

शाईचा पॅड पिशवीत टाकलाय.