आजीचा रकाना

मी कोर्टाच्या मीडिएशनमध्ये मीडिएटर म्हणून बसते. आतलं बाहेर सांगायचं नसतं म्हणून माणसं, आकडे सगळं बदललंय, पण हिशेबाचा घोळ तोच आहे आणि तो डोक्यातून जात नाहीये.

नवरा तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, बायको एका ऑफिसात अकाउंटंट, मुलगी पहिलीत. घटस्फोटावर दोघं राजी, घोडं अडलेलं मेंटेनन्सवर, म्हणजे मुलीच्या पोटगीवर. तारवट्याची कमाई म्हणजे काय हे गोव्याबाहेरच्यांना पटकन कळत नाही. आठ महिने कॉन्ट्रॅक्ट, तेव्हा महिना १,२०,०००, आणि साइन ऑफ करून घरी आला की चार महिने पगार शून्य. तिचा वकील सव्वा लाखाच्या बाता मारतोय, त्याचा वकील म्हणतो माझा अशील सध्या बेकार आहे, आणि तसं बघायला गेलं तर दोघंही खोटं बोलत नाहीत. सुप्रीम कोर्टाच्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून, म्हणजे २०२० पासून, दोघांनीही कमाई-मालमत्तेचं अ‍ॅफिडेव्हिट द्यायचं असतं. चांगली सोय आहे, पण वकील मंडळी मागच्या केसचं कॉपी-पेस्ट मारतात, इथे पहिलीतल्या पोरीच्या नावावर कॉलेजची फी होती!

मग मीच कागद ओढला. वर्षाचे ९,६०,००० भागिले १२, झाले ८०,०००. तिचे ४०,०००. दोनास एक. २००० सालच्या पद्मजा शर्मा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हेच प्रमाण धरलं होतं, बापाचा पगार आईच्या दुप्पट म्हणून खर्चाचा वाटाही दुप्पट. मुलीचा महिन्याचा खर्च १८,००० धरला, त्याचे १२, तिचे ६. लगेच तो, "म्हणजे मॅडम, पैसे मीच पाठवायचे, ती काहीच देणार नाही?" हे जवळजवळ प्रत्येक बाप विचारतो. अरे, तिचे सहा हजार दुधात, रिक्षात, गणेश चवथीच्या कपड्यांत जातातच की, फक्त त्याची बँकेत एन्ट्री दिसत नाही.

सुट्टीत मुलगी महिनाभर माझ्याकडे असते, ते कापा म्हणाला. जेवणखाण कापलं, शाळेची फी आणि घरभाडं पोर कुठेही असली तरी चालूच राहतं. हे त्याला पटलं. दुबईहून आणलेला टॅब मेंटेनन्समध्ये धरा म्हणाला, ते मात्र मी हसण्यावारी नेलं.

आणि मग तो रकाना, मुलीला सांभाळण्याचा खर्च. तिथे शून्य. शाळा सुटल्यापासून आई घरी येईपर्यंत आजी बघते, आईची आई. पाळणाघरात ठेवली असती तर पावती आली असती आणि त्याचे तीनातले दोन भाग बापाने भरले असते. मी आजींना आत बोलावून घेतलं. त्या गुडघ्यावर हात ठेवत बसल्या आणि माझं बोलणं पुरतं व्हायच्या आधीच भडकल्या, "नातीला सांभाळायचे पैसे घेऊ? मला काय मोलकरीण समजलात?" जावयाचा वकील एवढा खूश की विचारू नका.

मी सुचवलं, ठीक आहे, आत्ता शून्यच ठेवूया, पण उद्या आजींना जमलं नाही तर पाळणाघराचा खर्चही दोनास एक, एवढी एक ओळ घाला. त्याचा वकील म्हणतो, काल्पनिक खर्च. तिच्या वकिलालाही पुढच्या केसची घाई. ती म्हणाली, "राहू दे मॅडम, आता संपवूया."

ओळ खोडली, सह्या झाल्या. मीडिएटरने कुणाची बाजू घ्यायची नसते हे मलाही माहीत आहे, पण ज्या बाईने पैसे नाकारले तिच्या नाकारण्याचा फायदा पुरता एकाच बाजूला गेला. पोरीची शाळा दुपारी एकला सुटते, आईचं ऑफिस साडेपाचला.